कालच्या तारखेवर आजचा धागा

आमच्या ऑफिसात देव मानणारे ढिगाने होते. तारीख मानणारा माणूस एकच. त्यांना सगळे शिक्केमास्तर म्हणायचे, आणि म्हणताना थोडं हसायचे. सगळ्यात जास्त मी हसायचो.

तीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. त्यांच्याकडे आवक, माझ्याकडे जावक. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते तारखेचा शिक्का मारणार आणि रजिस्टरात नंबर घालणार; आतून बाहेर जाणारा कागद मी पाकिटात कोंबणार. कुठल्याही बावळटाला जमेल असं काम. मला जमलं, यावरून ओळखा. पण मास्तर सकाळी कामाला असे बसायचे, जणू ऑपरेशनलाच उभे राहतायत. खणाचं कुलूप काढून शिक्का बाहेर घ्यायचा, त्याचं दातेरी चाक एक दात पुढे फिरवायचं, शाईच्या पॅडवर हलकेच टेकवायचा आणि पहिला ठसा स्वतःच्या एका वहीत मारायचा. मग तो भिंगातून बघायचा. ठसा नीट असला की मान हलवायची. तोवर आमचा अर्धा पेपर वाचून झालेला असे.

पेपरात आधी वाचायचं ते भविष्य. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे. 'प्रवास संभवतो' असं छापून आलं की टायपिस्ट बाई दिवसभर खूश. अहो, तुम्ही रोज दोन बस बदलून येता, न संभवून सांगतो कुणाला! मास्तरांनी एकदा वर्षभराची कात्रणं जमवली. प्रत्येकावर हाताने तारीख घातली. शिक्का मारला नाही, कारण ऑफिसचा शिक्का घरच्या कामाला नाही. वर्ष संपल्यावर ती चळत साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बावन्न आठवडे तपासले, साहेब. एकही खोटं ठरलं नाही."

"बघा!" साहेब आमच्याकडे वळून म्हणाले.

"कारण एकही खोटं ठरूच शकत नव्हतं. खोटं ठरायची तयारी नसेल त्याला भविष्य कसलं म्हणायचं? त्या गप्पा झाल्या."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मला फार मजा आली. पण त्याहून मोठी मजा पुढेच होती. भविष्याची अशी सालं काढणारा हा माणूस स्वतः ख्रिस्ती धर्मशास्त्र, म्हणजे बायबल, खरं मानायचा, आणि कशावरून? तर त्यातली भविष्यं खरी झाली म्हणून!

मास्तरांचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. पण वारशाने आलेल्या श्रद्धेला ते बिनतारखेचं पत्र म्हणायचे. चर्चच्या बिचाऱ्या पाळकांना हे ऐकवलं तेव्हा त्यांनी महिनाभर मास्तरांना टाळलं होतं. तिशीत कधीतरी त्यांनी सगळं स्वतः तपासायला घेतलं. येशू लहानशा गावात जन्मणार, गाढवावर बसून येणार, त्याला तुच्छ लेखणार, आरोप होतील तेव्हा तो तोंड उघडणार नाही, दुसऱ्यांच्या अपराधांची शिक्षा त्याच्या अंगावर पडणार. हे संदेष्ट्यांनी शेकडो वर्षं आधी लिहून ठेवलंय, असं ते सांगायचे. डबा खाताना सांगायचे. मी घास चावता चावता त्यांच्या मागे लागायचो.

"मास्तर, नंतर लिहिलं असेल हो. मागची तारीख टाकून."

मागची तारीख म्हणजे आमच्या धंद्यातलं पाप. चाक एक दात मागे फिरवलं की उशिरा आलेला कागद वेळेत आला. जगातली निम्मी कामं अशीच होतात, आणि जे अशी करून घेतात तेच पुढे प्रामाणिकपणावर भाषणं देतात. साहेबांच्या मेव्हण्याचा अर्जसुद्धा मास्तरांनी असा घेतला नव्हता. त्याबद्दल चार वर्षं त्यांची खुर्ची खिडकीजवळून हलवून संडासाच्या दाराशी ठेवली होती.

"कशी टाकतील?" मास्तर म्हणायचे. "मूळ प्रत होती कुणाच्या ताब्यात? यहुद्यांच्या. त्यांना येशू मान्यच नाही. विरुद्ध पार्टीच्या कपाटातली प्रत आपल्या बाजूने बोलते, याहून चांगला पुरावा तुम्ही कधी पाहिलात? वर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची एक गुंडाळी गुहेत सापडली. येशूच्या जन्माआधी शंभरेक वर्षं नकललेली. आवक झाली, नंबर पडला. विषय संपला."

"मग उलटं असेल. येशूची गोष्ट लिहिणाऱ्यांनी जुनं पुढ्यात ठेवून नवं जुळवलं असेल. गाढव काय, कुणालाही आणता येतं."

यावर ते घास खाली ठेवायचे. माझा हा मुद्दा त्यांना खरोखर टोचायचा, आणि म्हणून मी तो वरचेवर काढायचो. मी काही चांगला माणूस नाही, हे तुमच्या आत्तापर्यंत लक्षात आलंच असेल.

"खोटी तारीख माणूस फायद्यासाठी टाकतो," ते म्हणायचे. "त्या लिहिणाऱ्यांना काय मिळालं? मार. खोट्या तारखेसाठी मार खाणारा माणूस मी तरी पाहिला नाही."

"वेडे असतात हो."

"असतील. पण खोटेपणाची एक खोड असते. मागची तारीख टाकणारा आपल्या दिवसाचा काहीतरी कचरा त्या कागदावर सोडून जातो. नुसतं बघणारा पाहिजे."

मी म्हणायचो, बघा तुम्ही भिंग घेऊन. आणि त्यांच्या डब्यातली भाजी उचलायचो.

आता मुलीचं सांगतो. मास्तरांना एकच लेक. तिला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं होतं, शाळेत होती तेव्हापासून. पण वहिनी अंथरुणाला खिळल्या, आणि जिला नर्स व्हायचं होतं ती घरातच नर्स झाली. साडेचार वर्षं. कूस बदलणं, औषधं, भांडं देणं-घेणं, सगळं त्या पोरीने केलं. मास्तर तेवढ्या वेळात ऑफिसात चाकाचे दात मोजत होते. वहिनी गेल्या तेव्हा पोरीचं वय उलटत आलं होतं. अर्ज करायचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी दारातूनच परत.

आणि ते अर्ज यायचे आमच्याच ऑफिसात, मास्तरांच्याच टेबलावर.

तिने अर्ज पंधरा दिवस आधीच भरला होता. बापाला दाखवला, तिथेच चुकलं. मास्तरांनी भिंग घेतलं आणि प्रकृतीच्या दाखल्यावर बोट ठेवलं. डॉक्टरांची सही होती, शिक्का होता, सहीखाली तारीख नव्हती. जगातला कुठलाही बाप पेन उचलून दोन आकडे घालेल. जगातलं कुठलंही ऑफिस ते न बघता पुढे ढकलेल. आमच्याकडे छाननीला जो बसायचा तो फोटोसुद्धा बघत नसे. पण मास्तर म्हणाले, "डॉक्टरांकडून तारीख घालून आण."

डॉक्टर बाहेरगावी. आज येतील, उद्या येतील. ते उगवले शेवटच्या दिवशी संध्याकाळी, आमचं ऑफिस बंद झाल्यावर. त्यांनी दोन आकडे घातले. त्यांना एक सेकंदही लागला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती दारात उभी. मास्तरांनी नुकताच शिक्का काढून वहीत पहिला ठसा मारला होता, तो भिंगातून बघायचा राहिला होता. पॅड त्याच दिवशी नवं उघडलेलं. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला गर्दी उसळली होती, त्यामुळे दीडेकशे अर्ज नुसते शिक्के मारून ठेवलेले होते. त्यांचे नंबर घालायचे राहिले होते. तो गठ्ठा टेबलावरच होता. तिने आपला अर्ज त्याच्या शेजारी ठेवला.

"बाबा."

"आजची तारीख पडेल," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे मला."

एवढंच. ना रडणं, ना भांडण. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन नळाजवळ उभी राहिली. मास्तर त्या कागदाकडे बघत बसले. तेवढ्यात साहेबांनी आतून हाक मारली, आणि मास्तर उठून गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा शिक्का टेबलावर उघडा टाकून गेले.

मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. दया वाटली, हो. पण त्याहून जास्त तिरस्कार वाटला. एका माणसाच्या पुस्तकातली तारीख खरी राहावी म्हणून एका मुलीने जन्मभर घरी बसायचं? आणि तिसरंही होतं, ते सगळ्यात घाणेरडं. मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. बघा मास्तर, एक दात मागे, आणि तुमच्या संदेष्ट्यांसारखं सगळं वेळेत! ना तुम्हाला कळलं, ना तुमच्या देवाला. हे मी त्यांना पुढे त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी सांगणार होतो. भाषणसुद्धा मनात तयार झालं होतं.

मी शिक्का उचलला, चाक मागे घेतलं, अर्जावर ठसा मारला, चाक पुन्हा जागेवर आणलं आणि अर्ज गठ्ठ्याच्या मधोमध सारला. व्हरांड्यात जाऊन पोरीला म्हणालो, "पडला शिक्का. कालचा. घरी जा, आणि याच्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बाबांपाशी तर अजिबात नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला स्वतःचा अभिमान वाटला. फार वेळ टिकला नाही तो.

मास्तर परत आले. टेबलावर अर्ज नाही हे त्यांनी बघितलं. पोरगी घेऊन गेली असं त्यांना वाटलं असावं. मग गठ्ठा पुढे ओढून नंबर घालायला लागले. एक, दोन, दहा, चाळीस. मी पाकिटं चिकटवत होतो. सत्तरच्या पुढे कुठेतरी त्यांचा हात थांबला. त्यांनी भिंग घेतलं. मग आपली वही उघडली.

"इकडे या जरा," ते मला म्हणाले.

वहीत त्या सकाळचा ठसा होता. तारखेच्या आकड्यांमधून केसाएवढी एक पांढरी रेघ तिरपी गेली होती. नव्या पॅडच्या कापडाचा एक धागा निघून शिक्क्याच्या खाचेत अडकला होता, आणि धाग्याखाली शाई उतरत नव्हती. हातातल्या अर्जावर कालची तारीख होती. तिच्यातूनही तीच रेघ गेली होती, तशीच तिरपी.

"धागा आजचा आहे," मास्तर म्हणाले.

खोलीत आम्ही दोघंच होतो. विचारायचं काही उरलंच नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. मी मात्र बोलत सुटलो. म्हटलं, मास्तर, वय उलटेल तिचं. म्हटलं, साडेचार वर्षं तिने तुमच्या घरात जाळली. म्हटलं, छाननीवाला आंधळा आहे, हा धागा जगात तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

"मला दिसला ना," ते म्हणाले. "माझं सगळं एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे हो. मधल्या शेकडो वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या हातात ते कागद होते, त्यांनी चाक मागे फिरवलं नाही, यावर. त्यांच्याही घरी मुली असतील."

मी म्हणालो, "तुमच्या पुस्तकाला आग लागो."

त्यांनी कालच्या शिक्क्यावर आडवी रेघ मारली, खाचेतला धागा टाचणीने काढला आणि शेजारी आजची तारीख उमटवली. रजिस्टरात शेवटचा नंबर घातला. आकडे सरळ आले.

दोन शिक्क्यांचा अर्ज लपतो कुठे? छाननीत आंधळ्यालाही दिसला. उशिरा आला म्हणून अर्ज बाद झाला, आणि आठवड्याभरात साहेबांनी मास्तरांना आत बोलावलं. साहेब मेव्हण्याचं विसरले नव्हते. दार मुद्दाम उघडं ठेवलं, आम्हा सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"मुलगी तुमची, शिक्का तुमचा, तारीख मागची. आणि मग घाबरून खोडलीत. असंच ना?"

मास्तर गप्प.

"दुसऱ्या कुणी केलं असेल तर नाव सांगा."

"शिक्का माझ्या ताब्यात असतो," मास्तर म्हणाले. त्यापुढे एक शब्द नाही. साहेबांनी तीनदा विचारलं, दरडावून विचारलं. दारातून त्यांची पाठ मला दिसत होती. मी जावक रजिस्टरात मान घालून एकच पत्ता चार वेळा लिहिला.

त्यांना ठपका मिळाला. हेडक्लार्कची जागा त्यांची ठरलेली होती, ती गेली. ज्येष्ठतेत त्यांच्या खाली कोण होतं, हे सांगायला हवं का? मी आठ वर्षं त्या खुर्चीवर बसलो. टायपिस्ट बाई म्हणाल्या, "एवढा धर्म सांगायचे, शेवटी वेळ आल्यावर कळलं ना!" मी हो म्हणालो. हो, मी हो म्हणालो. मास्तर रिटायर होईपर्यंत आवकच्याच टेबलावर राहिले, रोज चाक एक दात पुढे. माझ्याशी बोलणं त्यांनी तोडलं नाही. डब्यातली भाजीसुद्धा सरकवत राहिले. मी घेणं सोडलं. धर्मशास्त्रावर आमचा वादही पुन्हा झाला नाही. मला विषय काढायची हिंमत नव्हती, आणि त्यांना गरज नव्हती.

ते गेल्या वर्षी वारले. त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी गुडघा दाखवायला एका दवाखान्यात गेलो. काचेमागे केसपेपर करायला कोण बसलेलं? मास्तरांची लेक. केस अर्धे पांढरे, नाकावर बापासारखा चष्मा. आतल्या खोलीतून नर्स आल्या की ती त्यांना कागद देत होती, आणि त्या गेल्यावर क्षणभर त्या दाराकडे बघत होती. मला ओळखून तिने बाकावर बसायला सांगितलं. गर्दी ओसरल्यावर काचेच्या फटीतून म्हणाली, "काका, बरं झालं भेटलात. तुम्हाला एक सांगायचं होतं. मी बाबांशी किती वर्षं नीट बोलले नाही, तुम्हाला माहीत आहे. पण शेवटी शेवटी राग गेला माझा."

"चांगलं झालं."

"तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, शिक्का पडला म्हणून. नंतर खोडला त्यांनी, घाबरले असतील. पण एकदा तरी चाक मागे फिरवलं माझ्यासाठी. त्या माणसाने! मला तेवढं पुरतं. वाईट वाटलं की मी तेच आठवते."

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्यात मी अट्टल आहे. पण तिच्या मनातल्या त्या एका चांगल्या दिवसावर माझा शिक्का होता, आणि धागा मला दिसत होता.

"चाक मी फिरवलं होतं," मी म्हणालो. "त्यांनी नाही. त्यांनी पकडलं, खोडलं, आणि साहेबांपुढे माझं नाव घेतलं नाही."

समोरचे कागद तिने उगाच सारखे केले. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "माझ्यासाठी त्यांनी काहीच केलं नाही. आणि तुमच्यासाठी सगळं केलं."

तिने माझा केसपेपर पुढे ओढला, त्यावर आजची तारीख मारली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.